वाद आणि वात

खंडोबाचं नवरात्र सहा दिवसांचं असतं आणि त्याच्यावरचा वाद बारा महिन्यांचा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतो, षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला उठतो, मणी आणि मल्ल हे दैत्य पुन्हा एकदा मरतात आणि घरोघरी भरीत होतं. वादाला असा उत्थापनाचा दिवस नाही. खंडोबा शंकराचा अवतार की सूर्याचा, म्हाळसा थोरली तर बाणाईचा मान केवढा, नैवेद्याला कांदा चालतो तर एरवी त्यानं काय घोडं मारलं, या सगळ्या प्रश्नांवर इंदूरच्या तीन-चार मराठी ग्रुपांत माझं मत उपलब्ध आहे. होतं म्हणू या. यंदापासून मी भाष्यकाराच्या पदावरून निवृत्ती घेतली आहे आणि देवघरात शिपायाची नोकरी धरली आहे. पगार तोच, काम जास्त.

बाहेर पडायचं तंत्र आधी सांगतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. व्हॉट्सॲपचा ग्रुप हल्ली गपचूप सोडता येतो, बातमी फक्त ॲडमिनला जाते. पण मराठी ग्रुपचा ॲडमिन नात्यानं कुणाचा तरी मावसकाका असतो. बातमी फक्त त्याला गेली याचा अर्थ रात्रीच्या जेवणापर्यंत ती रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत सगळ्यांना गेली. म्हणून सोडायचा नाही, गप्प करायचा. गप्प करायच्या तीन मुदती मिळतात: आठ तास, एक आठवडा, कायम. आठ तास निरुपयोगी. तेवढ्यात वादी फक्त झोपून ताजा होतो. एक आठवडा हा मोठा फसवा पर्याय आहे. नवरात्र सहा दिवसांचं, त्यामुळे हिशेब बरोबर जुळल्यासारखा वाटतो आणि सातव्या दिवशी, भरीत पचायच्या आत, साचलेल्या सहाशे मेसेजना उत्तरं देत तुम्ही पुन्हा मैदानात. तेव्हा कायम. तरीही अंगठा सवयीनं तिकडे वळतोच. त्यावर उपाय एकच, तेलाचा हात. तेलकट बोटानं फोनची काच नीट ऐकत नाही, आणि सहा दिवस हात तेलकट राहील अशी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करूनच ठेवली आहे.

दुसरी अडचण पंचांगाची. पंचांग फोनमध्ये बघायला गेलं की ग्रुप वाटेतच भेटतो, म्हणून भिंतीवरचं छापील बरं. मात्र ते मुंबई-पुण्याचं असेल तर सूर्योदय जसाच्या तसा उचलू नये. मुंबई आणि इंदूर यांच्या रेखांशांत जवळजवळ तीन अंशांचा फरक आहे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य सुमारे १२ मिनिटं आधी उगवायला हवा. पण थंडीत जितकं उत्तरेला जावं तितका तो उशिरा उठतो, त्यामुळे मार्गशीर्षात हा फरक निम्म्यावर येतो आणि ज्येष्ठात उलट वाढतो. तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असतो, सूर्योदय मात्र गावागणिक वेगळा. सूर्योदयाला कोणती तिथी हे बघायचं असेल तर पाच-सहा मिनिटांनीसुद्धा घोटाळा होतो. एकादशीला भागवत मंडळी सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं मागे जाऊन दशमी शिरली आहे का ते तपासतात. त्या ९६ मिनिटांवर आजवर जितके मेसेज पडले तितक्या मिनिटांत पंढरपूरला चालत जाऊन येता आलं असतं.

माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला महिन्याचंही दुखणं आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींचा सावन सुरू. आपला श्रावण दिव्यांची अवस झाल्यावर, पंधरा दिवसांनी. राखी पौर्णिमेला त्यांचा महिना संपतो तेव्हा आपला ऐन भरात असतो. जन्माष्टमी एकाच रात्री, पण आपली श्रावण वद्य आणि त्यांची भाद्रपद कृष्ण. उज्जैनच्या महाकालाची सवारी श्रावण-भादव्यातल्या सोमवारी निघते, त्यात दोन्ही पंचांगांची सोय होते. देवानं जमवून घेतलं, भक्तांचं अजून चालू आहे. यातली खरी गंमत अशी की शुक्लपक्षात दोन्ही महिने एकच असतात. चंपाषष्ठी शुद्धात येते, म्हणजे निदान तिच्या तारखेवर या कारणानं भांडायला काडीचीही जागा नाही. तरी भांडण होतं. जागेची अडचण मराठी माणसाला फक्त घर घेताना येते.

आता दिवा. 'सहा दिवस अखंड नंदादीप ठेवावा' हे टाइप करायला चार सेकंद लागतात, म्हणून तो सल्ला देणारे पुष्कळ. ठेवायला १४४ तास लागतात. बारीक सुती वात घेऊन ज्योत हरभऱ्याएवढी ठेवली तर तासाला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल धरावं. १४४ गुणिले ५, ७२० मिली. सांडलवंड धरून लिटरभर आणून ठेवावं. ज्योत मोठी दिसावी म्हणून वात जाड केली की तेल दुप्पट जातं आणि छताला काजळी धरते ती वेगळी.

तेल कोणतं, यावर शास्त्रार्थ नको, थर्मामीटर बघावा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. इंदूरच्या मार्गशीर्षातली रात्र दहा-बारा अंशांवर उतरते. ज्योतीजवळचं तेवढं वितळतं, मागचं दगड होऊन बसतं, वात कोरडी पडते आणि काठोकाठ भरलेला दिवा उपासमारीनं जातो. तुपाचंही तेच. तिळाचं तेल या थंडीत पातळ राहतं, ते घ्यावं. मोहरीचं जळतं छान, पण घरभर लोणच्याच्या कारखान्याचा वास.

दिवा तेल संपून विझतो हा गैरसमज आहे. तसा तो क्वचितच विझतो, कारण तेलाकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. विझतो तो काजळीच्या बोंडानं. वातीच्या टोकाला जळका गोळा धरतो, तेल वर चढत नाही, ज्योत मुगाएवढी होते आणि मान टाकते. किंवा पाण्यानं. दिवा घासून, नीट न पुसता तेल घातलं की पाणी तळाला बसतं, वात ते ओढते, तडतड होते आणि खेळ खलास. घासलेला दिवा फडक्यानं पुसून तासभर उन्हात ठेवावा, एवढं साधं काम आहे. वाऱ्यासाठी काच ठेवली तर खालून हवा यायला फट हवी, नाहीतर दिवा गुदमरतो. आणि वातीचं टोक काठाबाहेर लोंबत राहिलं की तेल ज्योतीकडे न जाता काठावरून खाली पाझरतं. सकाळी पाट, पाटाखालचं फडकं आणि फडक्याखालची पोथी यांचा अभिषेक झालेला असतो. दिव्याखाली वाळू घातलेली परात ठेवली की तेल वाळू पिते आणि दिवा कलंडला तरी पडदे शाबूत राहतात.

दीडशे मिलीच्या दिव्यात तेल तीस तास पुरतं, पण वात चार-पाच तासांत हाक मारते. म्हणजे रात्री एकदा उठणं आलं. गजर फोनवर लावू नये. रात्री दोनला फोन हातात आला की वात राहते बाजूला आणि 'अखंड' शब्दाच्या व्युत्पत्तीवर आलेला मेसेज तेवढा वाचला जातो. जुनं किल्लीचं घड्याळ बरं. त्यात फक्त वेळ असते. त्या वेळी इंदुरात जागा असतो तो सराफ्यातला खाऊबाजार आणि तुम्ही. वात पुढे सारायच्या आधी तिच्यावरून शेजारी एक निरांजन लावून घ्यायचं, मग चिमट्यानं बोंड काढायचं, वात सारायची. मूळ ज्योत गेलीच तर निरांजनावरून परत. ही ज्योत तीच की नवी, हा प्रश्न मला फार सुंदर वाटतो. तो ग्रुपवर टाकायचा नाही, हे माझं सध्याचं व्रत.

घटाचं मी थोडक्यात उरकतो. दोन इंच माती, रात्रभर भिजवलेले गहू, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की अंकुराआधी बुरशी येते. अश्विनातल्या नवरात्रात तिसऱ्या दिवशी डोकं काढणारे गहू इथल्या थंडीत चौथा-पाचवा दिवस उजाडवतात. षष्ठीला जेमतेम बोटभर. देवघराच्या अंधारात वाढल्यामुळे पिवळट, पण खंडोबाला पिवळं चालतंच. रोज एक माळ, सहाव्या दिवशी सहा माळा, आणि पहिल्या दोन तोवर कडकडीत वाळलेल्या. वाळका झेंडू आणि नंदादीप यांच्यात हातभर अंतर ठेवावं.

टाक उजळण्यावरून मात्र सावध करतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. हा काळेपणा घालवायला उकळतं पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद, ही युक्ती हल्ली सगळीकडे फिरते. वाटीचमच्याला ती झकास आहे. टाकाला नाही. टाक पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला असतो आणि काहींच्या पोटात लाख भरलेली असते. गरम पाण्यात लाख मऊ झाली की मल्हारी मार्तंड घोड्यासकट आत बसतात. कोमट पाणी, थोडी रांगोळी, मऊ फडकं, हलका हात. चार पिढ्यांनी घासून देवाचं नाक सपाट केलेलंच असतं, उरलेली तलवार आपण राखावी.

परदेशी गेलेल्या भाच्यांनी यंदा वादात एक नवा शब्द आणला, पेगन. आपण पेगन आहोत की नाही, यावर दोन तट पडले. लॅटिनमध्ये पेगानस म्हणजे मुळात खेडवळ, गावाकडचा माणूस. पुढे ख्रिस्ती न झालेल्यांना तो शब्द चिकटला. आइसलँडमध्ये १९७२ साली काही लोकांनी जुन्या देवांची आसात्रू नावाची उपासना पुन्हा उभी केली, १९७३ मध्ये सरकारनं तिला मान्यता दिली. त्यांचा म्होरक्या स्वेनब्यॉर्न बेनतेनसन हा मेंढ्या पाळणारा शेतकरी होता आणि जुनी कवनं गायचा. त्यांच्या ब्लोत नावाच्या विधीत मंडळी जमतात, पेयाचं शिंग हातोहात फिरतं, देवांची नावं घेतली जातात आणि मग जेवणं. मेंढपाळ, कवनं, देवाचं नाव आणि जेवण! होळकरांचं मूळ गाव होळ जेजुरीपासून फार लांब नाही. धनगरांचं हे घराणं, कुलदैवत खंडोबा, थोरल्या सुभेदारांचं नावच मल्हार, आणि इंदूरच्या राजवाड्यात आजही मल्हारी मार्तंडाचं देवघर आहे. या देवाची एक बायको नेवाशाच्या वाण्याची आणि दुसरी धनगराची. मुसलमान भक्तांनी त्याला मल्लूखान म्हटलं. खेडवळ शब्दाचा राग त्याला यायचं कारण दिसत नाही. राग आम्हाला येतो, कारण आम्ही स्कीम चौपन्नासारख्या शहरी वसाहतीत राहतो.

चंपाषष्ठीची तळी हा सगळ्यात देखणा आणि फ्लॅटमध्ये सगळ्यात गैरसोयीचा भाग. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, भंडारा आणि नाणं. विषम संख्येत, बहुतेक घरी पाच पुरुष, डोकी झाकलेली, ताम्हण मिळून तीनदा उचलायचं आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणायचं. खाली टेकवताना कुणाकडे घोंगडी, कुणाकडे रुमाल. घरचा कुलाचार बघावा. ग्रुपवर याच विषयावर दोनशे माणसं तावातावानं बोलतात, तळीला पाच मिळत नाहीत. चौघं जमतात. पाचवा म्हणून समोरच्या फ्लॅटमधले भिया, म्हणजे इंदुरी भैया, येतात, टोपी नाही म्हणून मुलाचं क्रिकेटचं हेल्मेट घालतात आणि सगळ्यांत खणखणीत येळकोट त्यांचाच होतो. ताम्हण उचलताना उंच माणसानं गुडघे वाकवावेत. नाहीतर त्याची बाजू वर जाते, ताम्हण कलतं आणि सुपारी सोफ्याखाली जाते. ती पुढच्या चंपाषष्ठीच्या साफसफाईत सापडते.

भंडारा म्हणजे हळद. सियागंजाच्या बाजारातून हळकुंडं आणून दळावीत, नुसती पिवळी पूड घेऊ नये. मिक्सरमध्ये अख्खं हळकुंड टाकलं तर हळकुंड टिकतं, मिक्सरचं पातं जातं. आधी खलबत्त्यात फोडावं. उधळायचा चिमटीनं, मुठीनं नाही, आणि दिवटीच्या दिशेनं तर मुळीच नाही. हवेत तरंगणारी बारीक पूड ज्योतीवर भपकन पेटते. जेजुरीचा गड उघड्यावर आहे, तुमचा हॉल बारा बाय पंधरा.

मग धुणं. पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीला साबण लावला की डाग लालभडक होतो. दरवर्षी कुणीतरी याचा फोटो 'चमत्कार' म्हणून पाठवतं आणि कुणीतरी 'भेसळ' म्हणून. दोन्ही नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षार लागला की लाल होतं. हळदीचं कुंकू याच करामतीवर करतात. लिंबू पिळलं की परत पिवळं. चोळत बसू नये. ओला सदरा दोन दिवस कडक उन्हात टाकावा, सूर्यप्रकाशात हा रंग आपोआप विटतो. खंडोबाला सूर्याचा अवतार मानणाऱ्यांच्या बाजूनं मला मिळालेला हा एकमेव ठोस पुरावा, आणि तो मांडायला आता व्यासपीठ नाही.

नैवेद्याला भरीत-रोडगा, बाजरीची भाकरी, पातीचा कांदा. ज्या घरांत चातुर्मासात वांगं आणि कांदा बंद असतो तिथं तो या दिवशी सुटतो, त्यामुळे भक्तीला भूकही येऊन मिळते. वांगं आकाराच्या मानानं हलकं बघून घ्यावं, जड असलं की आत बियाच बिया. तेलाचा हात, चार ठिकाणी टोचे, मध्यम आचेवर फिरवत पंधरा मिनिटं. टोचे विसरलात तर वांगं फुटतं आणि शेगडीवर येळकोट होतो. भाजल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवलं की साल सुटते. नळाखाली धुऊन सोलू नये, धुराची चव मोरीत जाते. बाजरीचं पीठ ताजं दळून अर्धा किलोच आणावं. त्यातल्या स्निग्धांशामुळे ते पंधरवड्यात कडवट होतं. त्याला चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाण्यात मळायचं आणि मळलं की लगेच थापायचं. रोडगा म्हणजे बाटीच ना, असं इथले विचारतात. चुलत बहीण म्हणावं. बाफला मात्र नव्हे. तो आधी पाण्यात उकळतो आणि मग भाजतात. या वाक्यावर इंदुरात मारामारी होऊ शकते, म्हणून ते मी इथंच ठेवतो.

शेवटचा मान कुत्र्याचा. ते खंडोबाचं वाहन नसलं तरी त्याच्या सोबतीचं, आणि त्याला घास घातल्याशिवाय नैवेद्य पुरा होत नाही. त्याला भरीत घालू नये. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसती भाकरी, थोडं दूध. पान घेऊन खाली उतरायचं, कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीपाशी ते झोपलेलं असतं. ते एक डोळा उघडतं, भाकरीचा वास घेतं, दूध चाटतं, आणि मग मान वर करून बघतं. यावर शेव कुठे आहे?